एसक्यूलाइट : लघु डेटाबेसची उदारता आणि अध्यापकाची जबाबदारी

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात डेटाबेस हा विषय साधारणतः एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानापासून सुरू होतो. तक्ते, त्यांतील परस्परसंबंध, माहितीची शुद्धता आणि एसक्यूएल ही प्रश्नभाषा या क्रमाने विद्यार्थी पुढे जातो. परंतु स्वतःचा प्रकल्प करण्याची वेळ आली, की त्याच्या हाती अनेकदा एसक्यूलाइट हा छोटासा डेटाबेस येतो. अँड्रॉइडमध्ये तो अंतर्भूत आहे आणि पायथॉन भाषेच्या २.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, त्याचा उपयोग करण्याची सोय त्या भाषेसोबतच मिळते. वर्गात शिकविलेले नियम हा डेटाबेस कितपत पाळतो, आणि पाळत नसेल तर त्याचा परिणाम काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उगम आणि स्वरूप

रिचर्ड हिप यांनी एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००० मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी संगणक-प्रणाली तयार करीत असताना त्यांना एक अडचण जाणवली होती. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला, की त्यावर अवलंबून असलेला प्रोग्रॅमही निरुपयोगी ठरत असे. सर्व्हरच नको, प्रोग्रॅमने थेट फाइल वाचावी, हा विचार त्यातून पुढे आला. एसक्यूलाइट म्हणूनच स्वतंत्र चालणारी प्रणाली नाही. प्रोग्रॅममध्ये सामावून जाणारे ते ग्रंथालय आहे आणि सर्व माहिती एकाच फाइलमध्ये राहते. त्यासाठी वेगळी स्थापना लागत नाही, वापरकर्त्यांची व्यवस्था लागत नाही आणि परवान्याचे बंधनही नाही, कारण ते सार्वजनिक मालकीचे म्हणून खुले केलेले आहे.

या साधेपणाला कमअस्सल समजणे चुकीचे ठरेल. २००४ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून त्याच्या फाइलचे स्वरूप स्थिर राहिले आहे आणि २०५० पर्यंत त्याला आधार देण्याचा निर्मात्यांचा जाहीर संकल्प आहे. मध्येच वीज गेली तरी अर्धवट व्यवहार फाइलमध्ये शिल्लक राहू नये, याची व्यवस्था त्यात आहे. एकट्या विद्यार्थ्याला डेटाबेसचे अंतरंग अभ्यासण्यासाठी इतके सुलभ साधन क्वचितच मिळेल.

उदारतेची किंमत

तथापि, समीक्षेचा खरा मुद्दा येथूनच सुरू होतो. एसक्यूलाइट माहितीच्या प्रकाराबाबत अत्यंत उदार आहे. एखादा स्तंभ पूर्णांकाचा म्हणून घोषित केला, तरी त्यात मजकूर भरता येतो. निर्माते याला दोष न मानता लवचिकता मानतात. या लवचिकतेचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, निकालाच्या तक्त्यात ‘गुण’ हा पूर्णांकाचा स्तंभ आहे. त्यात दोन विद्यार्थ्यांचे ६० व ५० हे गुण संख्या म्हणून नोंदविले आणि तिसऱ्यापुढे ‘गैरहजर’ असा शब्द लिहिला. एसक्यूलाइट ही नोंद विनातक्रार स्वीकारते. आता सरासरी काढली, तर तो शब्द शून्य धरला जातो आणि उत्तर सुमारे ३६.६७ येते. परंतु चाळीस वा अधिक गुण मिळविणारे किती, असे विचारले, तर उत्तर तीन येते! कारण तुलना करताना कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानला जातो. सर्वाधिक गुण विचारले, तर ‘गैरहजर’ हेच उत्तर मिळते. एकच नोंद एका प्रश्नात शून्य ठरते आणि दुसऱ्यात परीक्षेला न बसलेल्याला उत्तीर्ण करते.

मराठी वापरकर्त्यासाठी ही बाब अधिकच गंभीर आहे. इंग्रजी आकड्यांत मजकूर म्हणून आलेली संख्या या स्तंभात आपोआप पूर्णांक होते. देवनागरी आकड्यांत लिहिलेली ‘३५’ मात्र मजकूरच राहते. म्हणजे अनुत्तीर्ण विद्यार्थी वरीलप्रमाणेच उत्तीर्णांच्या यादीत जातो, आणि पडद्यावर ती नोंद पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. वर्णानुक्रमाचेही तसेच आहे. मूळ मांडणीत अक्षरे त्यांच्या संगणकीय संकेतांकानुसार लागतात. त्यामुळे ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’ला लागून येतो.

दुसरा प्रश्न तक्त्यांतील संबंधांचा आहे. फॉरेन की हे बंधन एसक्यूलाइटने ऑक्टोबर २००९ पासून अमलात आणले, पण जुने प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून ते मुळात बंद ठेवले जाते. प्रत्येक वेळी फाइल उघडल्यावर ते आज्ञा देऊन सुरू करावे लागते. विद्यार्थ्याने तक्ता अचूक लिहिला, तरी ही आज्ञा राहिली, तर ग्रंथालयाच्या सभासदाची नोंद पुसली जाते आणि त्याच्या नावावरची पुस्तके निराधार राहतात. बंधन कागदावर असते, व्यवहारात नसते.

अध्यापनाच्या दृष्टीने

यावर एसक्यूलाइट वर्ज्य करावे, असा निष्कर्ष काढता येणार नाही. नोव्हेंबर २०२१ मधील ३.३७ या आवृत्तीपासून ‘स्ट्रिक्ट’ तक्त्यांची सोय झाली असून त्यांत ‘गैरहजर’ हा शब्द गुणांच्या स्तंभात शिरू शकत नाही. शिवाय स्वतःच्या अशा विसंगतींची यादी निर्मात्यांनी आपल्या दस्तऐवजात प्रांजळपणे दिलेली आहे. सोय आहे, परंतु ती मागावी लागते; आणि न मागणारा बहुधा नवशिकाच असतो.

काही विषय या साधनाने शिकविताच येत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. त्यात वापरकर्ते नाहीत, म्हणून अधिकारदानाच्या आज्ञाही नाहीत. एका वेळी एकच लेखक फाइलमध्ये लिहू शकतो. २०१० मध्ये आलेल्या नव्या नोंदपद्धतीमुळे वाचकांची अडवणूक थांबली, तरी ही मर्यादा कायम आहे. सामायिक फोल्डरमधील एकच फाइल प्रयोगशाळेतील अनेक संगणकांवरून उघडणे तर धोक्याचे आहे. अशा कामासाठी सर्व्हरवरील डेटाबेसच योग्य होय.

निष्कर्ष

एसक्यूलाइट हा मोठ्या डेटाबेसचा धाकटा भाऊ नसून प्रोग्रॅमच्या साध्या फाइलला मिळालेला शिस्तबद्ध पर्याय आहे. त्याचे मूल्यमापन या भूमिकेतूनच व्हावे. मात्र जे साधन चूक झाल्यावर अडवीत नाही, ते चूक झालीच नाही असा समज निर्माण करते. प्रकल्प तपासताना प्रोग्रॅम चालतो की नाही एवढेच पाहिले, तर हा समज आपणच दृढ करतो. गुणांच्या स्तंभात ‘गैरहजर’ लिहून पाहा आणि काय होते ते सांगा, एवढा एक प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला, तरी विद्यार्थी डेटाबेस शिकला की केवळ आज्ञा शिकला, हे समजून येईल.