रेन्वारचा बॉक्स आणि ‘घरंदाज’ दिसणं

पडद्यावर चित्र दिसतंय ना सगळ्यांना? मागे दिसत नसेल तर तो दिवा घालवा जरा. आज या एकाच चित्राबद्दल बोलायचं आहे. ऑगस्त रेन्वारचं ‘ला लोज’, म्हणजे थिएटरातला बॉक्स. साल १८७४. त्या वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसला छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन भरवलं. पुढे त्याला पहिलं इम्प्रेशनिस्ट प्रदर्शन म्हणू लागले, आणि त्यात हे चित्र होतं. आता ते लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. आकाराने फार मोठं नाही, ८० सेंटिमीटर उंच.

पळसदरीहून गाडी पकडून दादरला नाटकाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा बॉक्सशी संबंध येत नाही. आपण रांगेत बसतो, तोंड रंगमंचाकडे. पण चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये कधी गेलात तर बाजूला, वरच्या अंगाला बॉक्स दिसतील. तिथून रंगमंच तिरका दिसतो, आणि तुम्ही मात्र सगळ्या प्रेक्षागृहाला सरळ दिसता. शिवाय त्या काळी प्रयोग चालू असतानाही पुरता अंधार करत नसत. थोडक्यात, बॉक्स घ्यायचा तो बघण्याइतकाच दिसण्यासाठी.

आता चित्रात बघा. बाई पुढे बसली आहे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झगा, गळ्यात मोत्यांचे सर, केसांत फूल, छातीशी फुलं. हातात सोनेरी दुर्बीण आहे, पण ती डोळ्यांना लावलेली नाही, कठड्यावर टेकवली आहे. मागचा पुरुष दुर्बिणीतून बघतोय, तोही रंगमंचाकडे नव्हे, वर कुठेतरी. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी बॉक्सकडे. नाटक या चित्रात कुठेच नाही! रंग लावण्याची रीत बघा. चेहरा निगुतीने, हळुवार केला आहे आणि झग्याचे पट्टे जवळून बघाल तर वाहून गेल्यासारखे. काळा रंग वापरायचा नाही असं इम्प्रेशनिस्टांबद्दल शिकवतात. इथे सगळं चित्र त्या काळ्यावरच उभं आहे.

त्या वेळच्या समीक्षकांचं काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही बाई कोण, यावरच ते अडकले. एकाला ती उच्चभ्रू घरातली वाटली, तर दुसऱ्याला नटूनथटून गिऱ्हाईक शोधणारी. चित्र तेच, झगा तोच, मोती तेच. आणि खरं काय होतं? ती नीनी नावाची मॉडेल, पैसे घेऊन चित्रकारांसमोर बसणारी. मागचा पुरुष रेन्वारचा भाऊ एदमों. दोघांपैकी कोणीच ‘त्या’ समाजातलं नाही. थाटामाटाचं सोंग घेतलं होतं, आणि समीक्षक त्या सोंगाचं कूळ शोधत बसले.

आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, घरंदाज. आणि आपली गोष्ट पॅरिसपेक्षा तिरपागडी आहे. १९११ साली खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. त्यात भामिनी झाले बालगंधर्व. श्रीमंताची मुलगी, गरीब धैर्यधराला नाकारणारी, मग वनमाला बनून गरिबीचं सोंग घेणारी. म्हणजे पुरुषाने घेतलेलं श्रीमंत बाईचं सोंग, आणि त्या बाईने घेतलेलं गरीब बाईचं. प्रेक्षागृहात बसलेल्या चांगल्या घरच्या बायका त्यांचं लुगडं कसं नेसलंय, अंबाडा कसा घातलाय हे बघून घरी तसंच करत. घरंदाज बाईने रंगमंचावर जायचं नाही, आणि घरंदाज दिसायचं कसं हे शिकायचं ते तिथल्या पुरुषाकडून! बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पुढे ज्या स्त्रिया खरोखर त्या पाटावर उभ्या राहिल्या, त्यांच्या घराण्याची चौकशी लोकांनी केली. नीनीची केली तशीच. हे आपण गंधर्वयुगाच्या कौतुकात सोयीस्करपणे विसरतो.

रेन्वारवर हल्ली टीका होते, की त्याने बाईला शोभेची वस्तू केली, बघायचं काम पुरुषाला दिलं. आणि त्याच्या समोर मेरी कसॅटचं १८७८चं चित्र ठेवतात, बॉस्टनला आहे ते. त्यात काळ्या, साध्या पोशाखातली बाई स्वतः दुर्बीण लावून बघते आहे, आणि दूरच्या बॉक्समधून एक गृहस्थ कठड्यावर वाकून तिच्यावर दुर्बीण रोखून बसलेत. तिला त्यांची फिकीर नाही. कसॅटचं चित्र जास्त धीट आहे, यात वाद नाही. पण ती टीका मला अर्धीच पटते. शोभेची वस्तू इतकी बेचैन करत नाही. रेन्वारच्या बाईच्या डोळ्यांकडे बघा. ती आपल्याकडे बघतेय की आपल्यातून पलीकडे, हे ठरवता येत नाही. दुर्बीण खाली ठेवल्यामुळे चेहरा उघडा पडलाय, आणि तरी हाती काही लागत नाही. समीक्षक चिडले ते याच कारणाने, असं मला वाटतं. कसॅटच्या बाईबद्दल आपल्याला पटकन मत देता येतं. हिच्याबद्दल देऊ गेलो, की ते आपल्याबद्दलच होतं.

बरं, चित्राचं पुढे काय झालं? १८७५मध्ये रेन्वारने ते ४२५ फ्रँकला विकून टाकलं. त्याला पैशांची नड होती.