जनीचा बुचडा

केस लांब कसे वाढवावेत, यावरचं आपलं बहुतेक वाङ्मय तेलाच्या बाटल्यांवर छापलेलं असतं. मी पडलो हिंगोलीकडचा, म्हणजे नामदेवांच्या नरसीचा शेजारी. तेव्हा या विषयात मी त्यांच्या घरच्या दासीचे, जनाबाईचे, अभंग प्रमाण मानतो. (तिचं गंगाखेड परभणीत. १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला, नाहीतर दोघं एकाच कलेक्टरच्या हद्दीत होते!)

एका अभंगात जनी तुळशीच्या बनात वेणी उकलते आणि चक्रपाणी लोण्यानं तिची डोई चोळतो. दुसऱ्यात देव धावत येऊन बुचडा सोडतो, भराभर उवा मारतो, केस विंचरून मोकळे करतो. उवांसकट खरं लिहिणारी ही बाई बाटलीवाल्यांपेक्षा कितीतरी प्रामाणिक!

शास्त्रही हेच सांगतं. केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेशी रुळणारं टोक पाच-सहा वर्षांचं म्हातारं असतं. त्याचा गुंता खालून वर, हलक्या हातानं सोडवावा, थोडं स्निग्ध लावावं, नाहीतर तुटलंच.

पण हा हात आणायचा कुठून? लांब वेणीमागे आई, आजी, जाऊ अशी कुणीतरी सवड काढून बसलेली असते. जनीला कोणी नाही म्हणून देव तिच्या डोक्यावर पाणी घालतो, असं अभंगातच आहे. लोकांना त्यात भक्ती दिसते. मला आधी ते ‘कोणी नाही’ ऐकू येतं. बाटलीवाले तेल देतात हो, पण डोई चोळायला येतंय कोण?