कार्व्हरच्या तीनशे वस्तू आणि एक वाळूचं घड्याळ

(आलापल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला होता 'इतिहासातले थोर शास्त्रज्ञ आणि त्यांचं चिरंतन योगदान'. विषय मोठा आहे आणि सोपाही आहे. न्यूटन, डार्विन, मेरी क्यूरी, रामन, भाभा, प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं दिली की तास भरतो. टाळ्या पडतात, आणि उद्या सकाळी डोक्यात काही राहत नाही. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना हेच केलं. म्हणून आज यादी नाही. आज एकच पुस्तक घेऊन आलोय. ते बहुतेकांनी वाचलेलं असेल, निदान बक्षीस म्हणून तरी मिळालेलं असेल. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'.

आधी एक प्रसंग सांगतो. १९९७ च्या सुमारास याच जिल्ह्यातल्या एका शाळेत मी होतो. विज्ञान दिनाला मी हे पुस्तक वर्गात वाचून दाखवलं. तास संपला तशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, आपल्या इकडं कोणी शास्त्रज्ञ आहे का?" मी म्हणालो, "नाही गं. तू हो ना!" वर्ग हसला, मीही हसलो. मला वाटलं, काय छान उत्तर दिलं. ते उत्तर साफ चूक होतं. कसं, ते शेवटाकडे सांगतो.

आता पुस्तकाकडे येऊ. ते १९८१ साली आलं, राजहंस प्रकाशनाचं. तेव्हापासून आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतायत. अमेरिकेतल्या एका काळ्या शेतीशास्त्रज्ञाचं नाव मराठी घराघरांत जावं, हे काही लहान काम नाही. भाषा साधी आहे. पुस्तक हातात घेतलं की खाली ठेववत नाही. गुलामीत जन्मलेलं पोर, त्याला आणि त्याच्या आईला लुटारूंनी पळवलेलं, एका घोड्याच्या बदल्यात पोर तेवढं परत मिळालेलं, आईचा पत्ता नाही. तिथून हा मुलगा शिकत शिकत १८९४ साली आयोवात पदवीधर होतो, १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेतो. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातल्या टस्कीगीला जातो आणि १९४३ साली मरेपर्यंत तिथेच राहतो. हे वाचून ज्याच्या पोटात हललं नाही तो माणूस दगड म्हणायचा.

पण समीक्षा म्हणजे पोटात हललं एवढं सांगून थांबणं नव्हे. माझ्या दोन तक्रारी आहेत. छोटी पुस्तकाबद्दल आहे. मोठी आपल्या वाचण्याबद्दल, म्हणजे माझ्याबद्दलही.

मी मुलांना परीक्षेत प्रश्न काय घालायचो? 'कार्व्हरने भुईमुगापासून किती वस्तू तयार केल्या? कोणत्याही दहांची नावे लिहा.' उत्तर: तीनशे. साबण, शाई, रंग, दूध, तेल. पोरं धडाधड लिहायची. पैकीच्या पैकी गुण. हेच त्याचं 'योगदान' म्हणून आपल्या डोक्यात बसलंय.

आता जरा तपासून बघू. ज्या १९८१ मध्ये गवाणकरांचं पुस्तक आलं, त्याच वर्षी अमेरिकेत लिंडा मॅकमरी या इतिहासकार बाईंनी कार्व्हरचं एक चरित्र लिहिलं. त्यांनी पत्रं, कागद, नोंदी चाळल्या. त्यातून काय दिसतं? त्या तीनशेतल्या बहुतेक वस्तूंच्या नीट कृती त्याने लिहून ठेवलेल्याच नाहीत. पेटंट त्याच्या नावावर तीन, १९२५ ते १९२७ मधली, सौंदर्यप्रसाधनं आणि रंग यांची. बाजारात टिकलेली वस्तू जवळपास नाही. आणि पीनट बटर? ते त्याने शोधलेलंच नाही. तशा लगद्याचं पेटंट १८८४ मध्येच एकाने घेतलं होतं, कार्व्हर टस्कीगीला पोचायच्या बारा वर्षं आधी.

मग काय, कार्व्हर खोटा? थांबा. इथे दुसरी चूक होते, आणि ती हल्ली फार होते. देव केलेल्या माणसाला ओढून खाली पाडायचं आणि स्वतःला हुशार म्हणवून घ्यायचं. त्याने आपण त्याच जागी राहतो. आधी आंधळा नमस्कार होता, आता आंधळी थट्टा. मॅकमरीबाईंनी तसं केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की कार्व्हरचं खरं मोठेपण प्रयोगशाळेतल्या त्या वस्तूंमध्ये नव्हतंच. ते होतं त्याच्या पुस्तिकांमध्ये आणि एका गाडीमध्ये.

पुस्तिका म्हणजे शेतकऱ्यासाठी लिहिलेली पातळशी पत्रकं. त्याने अशी चव्वेचाळीस काढली. पहिली १८९८ सालची. विषय ऐकाल तर आलापल्लीचं माणूस लगेच कान टवकारेल: रानात पडलेली ओकच्या झाडाची फळं जनावरांना खाऊ घालावीत का, कशी घालावीत. पैसे नसलेल्या शेतकऱ्याला तो सांगत होता, तुझ्या बांधाबाहेर जे फुकट पडलंय त्याचा हिशेब मांड. कापसाने जमीन चूस-चूस चुसलेली होती, त्यात बोंडात शिरणारा भुंगा आला. हा सांगत होता, फेरपालट कर. चवळी लाव, भुईमूग लाव. या पिकांच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत धरून ठेवतात. मग १९१६ च्या पुस्तिकेत भुईमूग कसा लावायचा आणि तो खायच्या एकशे पाच रीती. का? शेतकऱ्याने भुईमूग लावला, तो विकला गेला नाही, तर निदान घरातली पोरं तरी खातील. त्या 'वस्तूं'ची गोष्ट खरं म्हणजे इथून सुरू होते. जमिनीपासून. आपण मधलं सगळं गाळून फक्त आकडा पाठ केला.

आणि गाडी. १९०६ साली टस्कीगीहून एक गाडी निघाली. आत अवजारं, बियाणं, दाखवायच्या वस्तू. जो शेतकरी शाळेत येऊ शकत नाही त्याच्या वावरात शाळा न्यायची. ती गाडी कार्व्हर रोज हाकत नव्हता बरं का. ती चालवायला होता थॉमस कॅम्पबेल, टस्कीगीचाच विद्यार्थी. तो पुढे सरकारी शेतीखात्याचा पहिला काळा विस्तार अधिकारी झाला. आता मला सांगा, इथे किती जणांना कार्व्हर माहीत आहे? सगळ्यांना. कॅम्पबेल? कोणालाच नाही. (हशा) मलाही नव्हता माहीत.

पुस्तकाबद्दलची माझी छोटी तक्रार ती हीच. त्याचा सूर कौतुकाचा आहे, आणि तो लपवलेलाही नाही. पण अशा सुरात लिहिलं की नायक फार एकटा उभा राहतो. त्याच्या बाजूची माणसं सावलीसारखी होतात. वाचणाऱ्या पोराला वाटतं, शास्त्रज्ञ व्हायचं म्हणजे आधी अनाथ व्हावं लागतं, उपाशी राहावं लागतं, लग्न करायचं नाही, पैसा घ्यायचा नाही. म्हणजे संत व्हायचं. आणि संत आपण काही होणार नाही, म्हणून हात जोडायचे आणि घरी जायचं. चरित्राने माणूस जवळ यायला हवा. आपण चरित्रं वाचून त्याला देव्हाऱ्यात ठेवतो.

आता थोर कोणाला म्हणायचं? माझी कसोटी साधी आहे. तो माणूस गेल्यावर, किंवा तो तिथे नसताना, त्याची रीत दुसऱ्याच्या हातात चालते का? त्याच्याइतक्या हुशार नसलेल्या, त्याच्याइतक्या शिकलेल्या नसलेल्या माणसाच्या हातात? चालत असेल तर ते चिरंतन. तीनशे वस्तू या कसोटीला उतरत नाहीत. पुस्तिका आणि गाडी उतरतात.

ही कसोटी घेऊन आता आपल्या जिल्ह्यात येऊ. इथून वर, गडचिरोलीच्या आजूबाजूच्या गावांत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्याबद्दल आपण काय बोलतो? 'देवमाणसं.' महाराष्ट्रभूषण मिळालं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, सत्कार झाले. सगळं योग्यच. पण 'देवमाणूस' म्हटलं की विषय संपतो. त्यांनी केलं काय, हे विचारायचं राहून जातं.

काय केलं? इथल्या मुलांचे जीव न्यूमोनियाने जात होते. न्यूमोनिया ओळखायचा कसा? श्वास मोजून. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण गावातल्या सुईणीला साठापर्यंत मोजता येत नाही, घड्याळ कळत नाही. मग? त्यांनी एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी ठरलेल्या जागेच्या पुढे गेले, तर न्यूमोनिया समजायचा. बस. ज्या बाईला आपण अडाणी म्हणतो तिच्या हातात निदान आलं.

पुढे नवजात बाळांचा प्रश्न घेतला. जन्मल्यावर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू. दवाखाना लांब, रस्ता नाही, पावसात नाला भरला की गाव तुटलं. म्हणून गावातल्याच बाईला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, आणि गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. मोठमोठ्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या असतील. गावातली बाई एवढ्याशा बाळाला सुई टोचणार?

आता लक्ष द्या. इथे सेवा संपते आणि विज्ञान सुरू होतं. त्यांनी हे एकोणचाळीस गावांत केलं आणि दुसरी सत्तेचाळीस गावं तुलनेसाठी ठेवली. तिथे नेहमीच्या सेवा चालू होत्या, पण जन्म-मृत्यूची नोंद तितकीच कडक. काम सुरू करण्याआधी दोन वर्षं नुसतं मोजलं. एकोणचाळीस गावांत हजार जन्मांमागे बासष्ट बाळं महिन्याच्या आत जात होती. कामाच्या तिसऱ्या वर्षी तो आकडा साधारण पंचवीसवर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. तुलनेची गावं नसती तर कोणीही म्हणालं असतं, काळच बदलला, आपोआप झालं. ते म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

आणि कसोटी? ही रीत बंगांच्या हाताबाहेर चालली का? चालली. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, असं बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. इथे बसलेल्या आशाताईंनो, जरा हात वर करा बघू. हे बघा, एवढे हात! तुम्ही ज्या काट्यावर बाळ तोलता, जो तक्ता भरता, त्याची मुळं याच जिल्ह्यातल्या गावांत आहेत. तुम्हाला कोणी हे सांगितलं होतं का? नाही ना. बघा म्हणजे.

आता माझ्या त्या चुकीकडे येतो. ती मुलगी विचारत होती, इकडं कोणी शास्त्रज्ञ आहे का. मी नाही म्हणालो. १९९७ साल. आणि अगदी त्याच वेळी, याच जिल्ह्यात, हा प्रयोग चालू होता. सातवी-आठवी शिकलेल्या बाया रात्री-अपरात्री कंदील घेऊन जात होत्या, श्वास मोजत होत्या, कागदावर आकडे लिहीत होत्या. ते आकडे पुढे जगाने वाचले. मी विज्ञानाचा मास्तर, आणि मला ते विज्ञान दिसलंच नाही. का? कारण माझ्या डोक्यातला शास्त्रज्ञ पांढऱ्या कोटात होता आणि त्याच्या नावावर तीनशे वस्तू होत्या. त्या मुलीला मी तिच्या शेजारची थोर गोष्ट नाकारली. हे काही पुस्तकाने केलं नाही. मी ते पुस्तक जसं वाचायला शिकवलं, त्याने केलं.

म्हणून इथल्या शिक्षकांना एक विनंती. 'एक होता कार्व्हर' जरूर द्या, बक्षीस द्या, वाचून दाखवा. फक्त प्रश्न बदला. 'किती वस्तू' हे विचारू नका. चार प्रश्न विचारा. त्याने काय मोजलं? कोणाच्या मदतीने मोजलं? कशाशी ताडून पाहिलं? आणि तो नसताना ते काम कोणी चालवलं? न्यूटनला विचारा, मेरी क्यूरीला विचारा, बंगांना विचारा. जिथे उत्तर सापडणार नाही तिथे 'पुस्तकात नाही' असं लिहू द्या. त्यालाही गुण द्या.

आणि मग पोरांना बाहेर काढा. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, आणि कधी कधी तीच आग रानात शिरते. कोणी म्हणतं, न जाळता खाली जाळी अंथरा. कोणतं बरं? माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ते द्यायचंही नाही. पाच झाडांखाली जाळी लावा, पाच झाडं नेहमीसारखी राहू द्या. रोज फुलं तोला, वेळ लिहा, फुलाला माती-राख किती लागली ते लिहा. वनरक्षकदादांना विचारूनच करा हं. (हशा) घरच्या आजीला सोबत घ्या, तिला कोणतं झाड कधी गळतं ते तोंडपाठ असतं. तिचं नाव वहीत पहिलं लिहा.

ओकच्या फळांवरची ती १८९८ ची पुस्तिका यापेक्षा फार वेगळी नव्हती.

आणि पुढच्या वेळी मागच्या बाकावरून कोणी विचारलं, "सर, आपल्या इकडं कोणी शास्त्रज्ञ आहे का?", तर त्या आजीकडे आणि गावच्या आशाताईकडे बोट दाखवा. मला ते जमलं नव्हतं.