बॉम्बवर्षाव आणि नवस

युद्धविषयक ग्रंथांत सेनापतींना मानाचे पान मिळते. शिधापत्रिका घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या गृहिणीची नोंद क्वचितच होते. दुसऱ्या महायुद्धात ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले, त्या सामान्य नागरिकांचे जीवन चितारणारी तीन पुस्तके आम्ही येथे एकत्र विचारात घेत आहोत. एक कादंबरी, एक रोजनिशी आणि एक अनुभवकथन. शेजारचे घर कोसळले आणि आपले वाचले, तर त्याचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न तिन्ही पुस्तके वाचताना श्रद्धावंतापुढे उभा राहतो.

ग्रॅहम ग्रीन यांनी १९२६ साली कॅथलिक धर्म स्वीकारला. युद्धकाळात त्यांनी लंडनमध्ये हवाई हल्ला वॉर्डन म्हणून सेवा केली आणि त्यांचे क्लॅपहॅम येथील घरही १९४० साली बॉम्बने उद्ध्वस्त झाले. 'द एन्ड ऑफ द अफेअर' (१९५१) या त्यांच्या कादंबरीतील सारा विवाहित असून बेंड्रिक्स या लेखकाशी तिचे प्रेमसंबंध आहेत. १९४४ च्या उन्हाळ्यात एका स्फोटात बेंड्रिक्स दाराखाली गाडला जातो. तो मेला असे समजून, देवावर धड विश्वासही नसलेली सारा गुडघे टेकते आणि नवस बोलते: हा जगला, तर मी याला कायमचा सोडीन. थोड्याच वेळात बेंड्रिक्स चालत खोलीत येतो.

मोत माउलीच्या चरणी मेणाच्या प्रतिमा वाहणाऱ्या आमच्या वाचकांना हा प्रसंग परका वाटणार नाही. नेमके म्हणूनच तो सावधपणे वाचावयास हवा. नवसामुळे देवाने बेंड्रिक्सला वाचविले असे मानले, तर त्या काळात जे ढिगाऱ्याखाली मेले त्यांच्या आप्तांनी प्रार्थना केलीच नव्हती काय? ग्रीन या प्रश्नाला भिडत नाहीत. उलट, कादंबरीच्या अखेरीस ते चमत्कारांची भर घालतात. एका नास्तिकाच्या गालावरील जन्मखूण नाहीशी होते, हा त्यांतलाच एक. हा प्रसंग पुढे स्वतः ग्रीन यांनाच खटकला आणि नंतरच्या आवृत्तीत त्यांनी जन्मखुणेच्या जागी मनोविकारातूनही उद्भवू शकेल असा त्वचारोग घातला. ही दुरुस्ती आम्हांस उचित वाटते. कादंबरीचे खरे सामर्थ्य चमत्कारात नाही. नवस पाळताना साराने सोसलेल्या रित्या, कोरड्या दिवसांत ते आहे.

असे कोरडे दिवस कसे जगतात, हे व्हेअर हॉजसन यांच्या 'फ्यू एग्ज अँड नो ऑरेंजेस' (१९७६) या रोजनिशीत पाहावे. या बाई लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका धर्मादाय संस्थेत काम करीत. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्बहल्ले झाले. त्या दिवसांतही बाई कामावर जातात, आगीवर पहारा देतात, कोठे काय पडले ते टिपतात आणि अंडी मिळाली की नाही हेही लिहून ठेवतात. पुनरुक्ती पुष्कळ आहे आणि वाचक मधूनमधून कंटाळेल. परंतु तो कंटाळाच या पुस्तकाचे सत्य आहे. भीती रोज येते आणि कर्तव्यही रोजच करावे लागते. येथे देवाशी सौदा नाही. नेमून दिलेले काम आहे.

तिसरे पुस्तक शत्रूच्या घरातले. हान्स एरिक नोसॅक यांनी जुलै १९४३ मधील हॅम्बुर्गचा संहार शहराबाहेरच्या माळरानावरून पाहिला. त्यांचे घर आणि हस्तलिखिते जळाली. हे कथन त्यांनी त्याच वर्षी लिहिले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि इंग्रजीत 'द एन्ड' या नावाने उपलब्ध आहे. भग्नावशेषांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या एकुलत्या घराच्या खिडक्या पुसणारी एक स्त्री त्यात भेटते. पाहणाऱ्यांना ती वेडी वाटते. हॉजसन बाईंना ती खचितच वेडी वाटली नसती. या मोहिमेला हल्लेखोरांनी 'गमोरा' हे नाव दिले होते. दहा नीतिमान सापडले तर नगर वाचव, अशी अब्राहामाने केलेली विनवणी मात्र नाव देणाऱ्यांना आठवली नसावी. या हल्ल्यांत तीस हजारांहून अधिक माणसे मेली.

शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठराजण इतरांहून अधिक पापी नव्हते, हे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे (लूक १३). त्याचाच दुसरा अर्थ असा की, जे वाचले ते अधिक पुण्यवान नव्हते. सरसकट शहरे उद्ध्वस्त करणे हा देव व मानव यांच्याविरुद्धचा अपराध होय, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली घोषित केले. ते बॉम्ब माणसांनी टाकले होते. त्यांचा हिशेब देवाच्या इच्छेच्या खाती मांडता येत नाही.

ग्रीन यांची कादंबरी तिन्हींत कलादृष्ट्या श्रेष्ठ आहे, याविषयी दुमत नसावे. तरीही आमच्या कुटुंबांनी ती एकटी वाचू नये. तिच्या सोबतीला ती रोजनिशी आणि ती खिडक्या पुसणारी स्त्री असावी, म्हणजे नवस फळला की नाही याहून तो पाळणाऱ्याचे पुढचे आयुष्य अधिक मोलाचे आहे, हे ध्यानी येईल.