मीरतचा सेनापती आणि इतिहासकारांचा न्याय

१८५७च्या उठावावरील ग्रंथ एकामागून एक वाचीत गेले, म्हणजे मेजर-जनरल हेविट याची थोडी कीव येऊ लागते. मीरत विभागाचा हा वृद्ध सेनापती बहुतेक इंग्रज इतिहासकारांच्या लेखी नालायकीचा नमुना ठरला आहे. आपल्याकडील लेखकांना तर त्याच्यापाशी फारसे थांबण्याचेही कारण वाटलेले नाही. हे दोन्ही न्याय तपासून पाहण्याजोगे आहेत.

प्रथम घटना पाहू. २४ एप्रिल १८५७ रोजी कर्नल कार्मायकेल-स्मिथ याने तिसऱ्या बंगाल घोडदळातील ९० निवडक स्वारांची कवाईत बोलावली. काडतुसे पूर्वीच्याच धर्तीची होती. दातांनी तोडण्याऐवजी ती हातांनी फाडावयाची, एवढाच काय तो बदल. तरीही ८५ स्वारांनी ती घेण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयात बसलेले अधिकारी हिंदीच होते. त्यांनी दहा वर्षांची सक्तमजुरी फर्मावली, पण सोबत दयेची शिफारसही केली. अखेरचा शब्द हेविटचा होता. त्याने ११ तरुण स्वारांची शिक्षा निम्म्यावर आणली, बाकीच्यांची कायम ठेवली. आणि ९ मे रोजी साऱ्या पलटणींसमक्ष त्या स्वारांच्या अंगावरील गणवेश उतरवून त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी सायंकाळी, मीरत पेटले आणि त्याच रात्री बंडवाले दिल्लीच्या वाटेला लागले.

१८६४पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या जॉन विल्यम के याच्या इतिहासाने व त्यामागून आलेल्या लेखकांनी आपला रोख मुख्यतः १० मेच्या रात्रीवर ठेवला. हाताशी गोरे पायदळ, घोडदळ आणि तोफखाना असताना पाठलाग का झाला नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु तो सत्ताधाऱ्याचा प्रश्न आहे. एखादा तडफदार सेनापती असता तर आग तेथेच विझली असती, हे त्यात गृहीत धरलेले आहे. असे मानले की राज्यकारभाराची झडती घेण्याची गरज उरत नाही. सगळा भार एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होता येते.

सावरकरांचा १९०९मधील ग्रंथ नेमक्या उलट टोकाला उभा आहे. त्यांच्या मते उठावाचा दिवस ३१ मे ठरलेला होता आणि मीरतने घाई केली. त्या मांडणीत हेविट केवळ निमित्तमात्र उरतो. १९५७मध्ये सुरेंद्रनाथ सेन व रमेशचंद्र मजुमदार यांनी अशा सार्वत्रिक पूर्वनियोजनाला पुरावा नसल्याचे दाखविले. तो पुरावा नसेल, तर ९ मेच्या त्या सकाळचे वजन वाढते.

या ठिकाणी वरसईच्या विष्णुभट गोडशांचे ‘माझा प्रवास’ आठवते. ग्वाल्हेरकडे निघालेला हा भिक्षुक उठावाचे कारण शोधतो ते काडतुसांच्या वार्तेत आणि धर्मावर घाला घालणाऱ्या कायद्यांच्या बोलवेत. सेनापतींच्या गुणदोषांशी त्याला कर्तव्य नाही. संशय किती दूरवर मुरला होता, हे त्याच्या साध्या निवेदनातून जितके कळते तितके लष्करी अहवालांतून कळत नाही. संशय हेविटने निर्माण केला नव्हता. पण त्या संशयाला बेड्यांचे दृश्य रूप त्याच्या छावणीत मिळाले. ज्यांच्या डोळ्यांदेखत ते घडले, त्यांना पुढे कोणी काही समजावून सांगण्याची आवश्यकता राहिली नाही. खुद्द कॅनिंगच्या सरकारनेही त्या प्रकाराला मागाहून दोष दिला.

हेविटचे अधिकारपद गेले ते १० मेच्या रात्री स्वस्थ बसल्याबद्दल, आणि इतिहासकारांनीही बव्हंशी तोच आरोप पुढे चालविला. आमच्या मते त्याच्यावरील खरा आरोप आदल्या सकाळचा आहे. त्या सकाळी तो मुळीच शिथिल नव्हता. शिस्तीचा नियम त्याने अक्षरशः पाळला, दयेची शिफारस बाजूस सारली, आणि नियमाप्रमाणे वागलो या समाधानात तो घरी परतला असावा. पुढचा इतिहासकार हेविटवर लिहील, तेव्हा त्याने या समाधानाचा विचार आधी करावा, पाठलागाचा नंतर.