नाव बदललेली मेजवानी

व्हेनिसमधील सान्ती जोव्हान्नी ए पाओलो या डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहातील तिशियनचे ‘शेवटचे भोजन’ १५७१ च्या आगीत नष्ट झाले. त्या जागेसाठी पाओलो व्हेरोनेझे याने १५७३ मध्ये सुमारे तेरा मीटर रुंदीचे नवे चित्र रंगवले. विषय तोच होता. तीन भव्य कमानींखाली मांडलेल्या मेजाच्या मध्यभागी ख्रिस्त बसला आहे; भोवती मात्र सेवक, पोपट घेतलेला सोंगाड्या, शस्त्रधारी जर्मन शिपाई आणि एक कुत्रा अशी वर्दळ आहे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धार्मिक चित्रांना शिस्त लावली होती. १८ जुलै १५७३ रोजी इन्क्विझिशनच्या न्यायासनाने व्हेरोनेझेला जाब विचारला. आक्षेप औचित्याचा होता: प्रभूच्या अखेरच्या भोजनाला सोंगाड्याचे आणि नाकातून रक्त वाहणाऱ्या सेवकाचे काय काम? कवी आणि वेडे जी मोकळीक घेतात तीच चित्रकारही घेतात, अशा आशयाचे त्याचे उत्तर जबानीत नोंदलेले आहे. तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र सुधारण्याचा आदेश झाला.

कुत्र्याच्या जागी मग्दालीया मरीया रंगवावी, अशी सूचना आधीच झाली होती. कुत्रा तसाच राहिला; बदलले ते चित्राचे नाव. कठड्यावर लेवीने दिलेल्या मेजवानीचा उल्लेख आणि लूकच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचा निर्देश आला.

या नामांतराकडे केवळ सुटकेची युक्ती म्हणून पाहणे अपुरे ठरते. त्या अध्यायात ख्रिस्त जकातदार आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसतो, म्हणून परूशी कुरकुर करतात. म्हणजे न्यायासनाचा आक्षेप नव्या कथेत आधीपासूनच आहे आणि तो परूश्यांच्या तोंडी आहे. चित्रकाराला हा उपरोध अभिप्रेत होता की नव्हता, हा प्रश्न गौण होय. कथा आणि चित्र एकमेकांसमोर येताच तो प्रकट होतो.

तथापि या विजयाची किंमतही मोजावी लागली. मेजावर पेत्र कोकरू कापतो आहे. ही खूण पहिल्या विषयाची आहे. मरणाच्या पूर्वसंध्येचे भोजन चालू असताना भोवतालच्या जगाला त्याची दखलही नसावी, हा मूळ कल्पनेतील दाहक विरोध होता. लेवीच्या घरी ही गर्दी निमंत्रित ठरते आणि तो विरोध शमतो. आज व्हेनिसच्या अकादेमिया कलादालनात हे चित्र लेवीच्याच नावाने आहे. नव्या नावाने गर्दीला जागा मिळवून दिली. तिच्यामधील ख्रिस्ताचे एकाकीपण जाणवायचे, तर पुसलेले नावही ध्यानात ठेवावे लागते.