सुटे चित्र : पडद्यावरील लैंगिक हिंसेसंबंधी काही विचार

1994 साली जळगावात जे उघडकीस आले त्याला वृत्तपत्रांनी 'वासनाकांड' असे नाव दिले आणि ते मराठीत रुळले. या शब्दाची चिकित्सा मात्र फारशी कोणी केली नाही. 'बलात्कार' या शब्दात निदान बळाचा उच्चार आहे. 'वासनाकांड' या शब्दात केवळ करणाऱ्याची भूक आहे, आणि 'कांड' या उत्तरपदामुळे त्या भुकेला एखाद्या कथानकाचा आकार येतो. ज्यांच्यावर हिंसा झाली त्या मुलींना आणि स्त्रियांना या शब्दात कोठेच जागा नाही. चित्रपट निघण्यापूर्वीच त्याचे शीर्षक आणि भित्तिपत्रक तयार असावे तसा हा शब्द आहे. पडद्यावर लैंगिक हिंसा दाखवावी किंवा कसे, या प्रश्नाची चर्चा जळगावपासून सुरू करण्याचे एक कारण हे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या प्रकरणात छायाचित्र हे गुन्ह्याचा पुरावा होण्याआधी गुन्ह्याचे हत्यार होते. चित्रे काढायची, ती उघड करण्याचा धाक घालायचा आणि त्या धाकाच्या बळावर शोषण चालू ठेवायचे, अशी ती यंत्रणा होती. हिंसेच्या चित्रणाचे समर्थन करताना कॅमेरा हा साक्षीदार आहे, असे गृहीत धरले जाते. जळगावात कॅमेरा साक्षीदार नव्हता. तो सहभागी होता. पुढे खटले उभे राहिले तेव्हा अनेक स्त्रिया साक्षीला पुढे आल्या नाहीत. काही आरोपींना शिक्षा झाल्या, काही पुढे उच्च न्यायालयात निर्दोष ठरले. या मौनाला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यांना एकदा चित्राने बांधून ठेवले गेले त्यांना न्यायालयात उभे राहणे हे पुन्हा एकदा पाहिले जाणेच वाटले असेल, तर त्यात नवल ते काय? पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने 1983 पासून बंदी होती. संमतीवाचून टिपलेल्या चित्राचा स्वतंत्र गुन्हा म्हणून विचार व्हायला मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 2008 ची दुरुस्ती आणि दंडसंहितेतील 2013 ची दुरुस्ती यावी लागली.

चित्रपटाच्या संदर्भात आपल्याकडे हा वाद बहुधा परिमाणाचा वाद म्हणून चालतो. अभ्यवेक्षणासाठी 1991 साली केंद्र शासनाने काढलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, स्त्रियांवरील लैंगिक हिंसेची दृश्ये टाळावीत आणि विषयाला ती अपरिहार्य असतील तर कमीत कमी ठेवावीत, तपशील दाखवू नयेत. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पक्ष म्हणतो, विषयाची गरज आम्ही ठरवू. दोघेही मोजतात ते सेकंद आणि उघडे अंग. भरताने नाट्यशास्त्रात शयन, चुंबन, आलिंगन रंगभूमीवर निषिद्ध ठरवले, त्यामागचा विचार याहून सूक्ष्म आहे. पिता, पुत्र, सून, सासू एकत्र बसून नाटक पाहतात, हे त्याने कारण दिले. म्हणजे निषेधाचा आधार दृश्यात नाही, तर पाहणाऱ्यांच्या परस्परसंबंधात आहे. आज ती सभाच मोडली आहे. जत्रेतल्या तंबूतून चित्रगृहात आणि चित्रगृहातून एकेकट्याच्या हातातल्या मोबाइलवर आलेला प्रेक्षक अख्खा चित्रपट पाहीलच याची शाश्वती नाही. त्याच्यापर्यंत बरेचदा पोहोचतो तो तुकडा.

म्हणून माझ्या मते विचारायचा प्रश्न 'किती दाखवले?' हा नव्हे, तर 'जे दाखवले ते कापून सुटे करता येते का, आणि सुटे झाल्यावर ते कोणाच्या हातात जाते?' हा आहे.

याचे ठळक उदाहरण खानदेशाला अपरिचित नाही. स्मिता पाटील यांचे घराणे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनी केलेल्या 'चक्र' (1981) मधील भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झोपडपट्टीतील अम्मा उघड्यावर अंघोळ करते, असे एक दृश्य त्यात आहे. चित्रपटाच्या ओघात त्याचा अर्थ स्पष्ट आहे : जिला चार भिंती नाहीत तिला आडोसाही नाही. वितरणाच्या व्यवहारात हेच दृश्य उचलून भित्तिपत्रकावर आले आणि अभावाचे चित्र आमंत्रणाचे चित्र झाले. याविषयी स्मिता पाटील यांनी आपली नाराजी लपवली नव्हती. येथे हिंसेचे दृश्य नाही, हे खरे. पण संदर्भाचे कवच किती तकलादू असते, हे त्यातून दिसते. 'कथेची गरज होती' या दिग्दर्शकीय युक्तिवादाची मुदत चित्रपटगृहाच्या दारापर्यंतच असते.

'बँडिट क्वीन'चा (1994) विचार याच कसोटीवर करावा लागतो. फूलनला विवस्त्र करून गावासमोर पाणी आणायला लावण्याचा प्रसंग प्रेक्षकाच्या मनात कामेच्छा नव्हे, तर करुणा आणि घृणा जागवतो, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली काढून प्रमाणपत्र कायम केले. रसनिष्पत्तीच्या अंगाने तो पटण्यासारखा आहे. मात्र तो आदर्श प्रेक्षकाविषयी आहे आणि अखंड चित्रपटाविषयी आहे. जिचे आयुष्य पडद्यावर होते ती स्त्री तेव्हा हयात होती आणि तिने या चित्रपटाला आक्षेप घेतला होता. अरुंधती रॉय यांनी 1994 मध्येच हा संमतीचा मुद्दा कठोरपणे मांडला. जळगावची घटना त्याच वर्षीची आहे. दोहोंची तुलना करणे अन्यायाचे होईल. शेखर कपूर यांचा हेतू निश्चितच वेगळा होता. तरीही चित्र कोणाचे, हा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरित राहतो, आणि हेतूच्या शुद्धतेने तो सुटत नाही.

मग दाखवूच नये काय? हिंदी-मराठी चित्रपटांनी दीर्घकाळ तसे करून पाहिले. विझणारा दिवा, चुरगळलेले फूल, वादळात आपटणारी खिडकी. या संकेतांनी शरीर झाकले, पण हिंसेचे रूपांतर 'अब्रू जाण्या'त केले. फूल चुरगळले म्हणजे ते फेकूनच द्यायचे, हा निवाडा प्रतिमेतच दडलेला असतो. न दाखवणे आपोआप सभ्य होत नाही.

न दाखवण्यालाही प्रतिभा लागते. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'मध्ये (1970) माणिकच्या पोटावर भावांनी केलेल्या आघातानंतर तिच्या लुगड्यावर दिसणाऱ्या रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असे प्रेक्षकांना सांगितले. प्रेक्षकाला येथे स्वतः रंग भरावा लागला; तो नुसता पाहणारा उरला नाही. असा डाग कापून नेण्यात कोणाला रस वाटणार?

तेंडुलकरांनीच लिहिलेला आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेला 'आक्रोश' (1980) या कसोटीला बव्हंशी उतरतो. लहान्याची बायको नागी हिच्यावरील अत्याचार त्रोटक पूर्वस्मृतीत येतो. लक्षात राहतो तो ओम पुरींचा मिटलेला चेहरा आणि त्या मौनासमोर हतबल झालेला वकील. सुटे काढून मिरवावे असे चित्र त्यात नाही. तरीही मला हा चित्रपट पूर्ण निर्दोष वाटत नाही. स्मिता पाटील यांच्यासारखी अभिनेत्री असून नागीच्या वाट्याला बोलणे जवळजवळ नाही, आणि शेवटी लहान्या आपल्या बहिणीला कुऱ्हाडीने मारतो ते तिच्यावर तीच पाळी येऊ नये म्हणून. व्यवस्थेवरील आरोप म्हणून हा शेवट भेदक आहे. परंतु विटंबनेपेक्षा मरण बरे, ही जुनी नीती तो अजाणता मान्य करतो, आणि निवड पुन्हा पुरुषाचीच ठरते. 1970 च्या दशकाच्या आरंभी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याला श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी स्त्रिया दारूचे मडके फोडत होत्या, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारत होत्या. ज्या प्रदेशाने हे पाहिले, तेथील वाचकाला 'आक्रोश'मधील स्त्रियांचे मुकेपण खटकल्याशिवाय राहू नये.

ही उणीव केतन मेहता यांच्या 'मिर्च मसाला'त (1987) भरून निघते. लॉरा मल्वी यांनी 1975 च्या निबंधात चित्रपटातील पुरुषी नजरेचा जो प्रश्न उपस्थित केला, त्याला या चित्रपटाने सिद्धान्त न सांगता दृश्याने उत्तर दिले आहे, असे म्हणता येईल. सुभेदाराची नजर सोनबाईवर पडते. ती त्याला थोबाडीत मारून मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो. बलात्कार पडद्यावर घडत नाही, पण त्याची शक्यता कारखान्याच्या दारावर सतत धडकत राहते. गावचा मुखी, गावकरी, आत अडकलेल्या बायका अशा एकेकाला 'एकीला देऊन टाकली तर काय बिघडले?' या हिशेबात ओढले जाते. हिंसा ही एका पुरुषाची वासना नसून गावाने मिळून चालवलेला व्यवहार असतो, हे 'वासनाकांड' या शब्दाने झाकलेले सत्य येथे उघडे पडते. दार फुटल्यावर बायका सुभेदारावर तिखट उधळतात, आणि ते जाते त्याच्या डोळ्यांत. नंदुरबारच्या मिरची पथारीवरून ज्याने वाऱ्याच्या दिशेने एकदा तरी चालून पाहिले आहे त्याला या प्रसंगाचे वेगळे विवेचन लागणार नाही. शेवटची चौकट थिजते ती हातात विळा घेतलेल्या सोनबाईवर. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा स्मिता पाटील हयात नव्हत्या. 'चक्र'च्या भित्तिपत्रकासारखीच ही चौकटही कोणी सुटी करून भिंतीवर लावू शकतो. तिच्यातली बाई मात्र पाहणाऱ्याकडे पाहत उभी असते.